समाधानी प्रभाग

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी, लोक शहराबद्दल फोनवर काय काय लिहितात ते गोळा करणारा एक विभाग होता. विभाग म्हणजे दोन टेबलं, भिंतीवर मोठा पडदा आणि ठमी. प्रत्येक प्रभागातलं लिखाण संगणकात येई आणि संगणक शब्द बघून त्याला रंग देई. कौतुक असलं तर हिरवा, तक्रार असली तर लाल. जो प्रभाग जास्त लाल, तिथे दुरुस्तीची गाडी आधी. कल्पना वाईट नव्हती. फक्त संगणकाला थट्टा कळत नव्हती, आणि ठमीच्या मामाला थट्टेशिवाय बोलता येत नव्हतं.

मामा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. आईबाप गेल्यावर ठमीला त्यानेच वाढवलं. वेणी घालायलाही शिकला, वाकडी का होईना. ठमी हे नावही त्याचंच, ऑफिसातली मॅडम झाली तरी त्याने ते सोडलं नाही.

त्याच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण कुणीतरी पळवलं, तेव्हा त्याने लिहिलं, ‘झाकण गेल्यापासून गल्लीत हवा खेळती झाली. नगरपालिकेचे मनःपूर्वक आभार!’ खाली शेजाऱ्यांनी री ओढली. ‘अभिनंदन!’ ‘आमच्याही दाराशी अशीच सोय करा!’ रोज नवं काहीतरी. ठमी हसून हसून बेजार झाली. मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. मामाचा प्रभाग हिरवागार.

ती साहेबांकडे गेली. “साहेब, हे कौतुक नाही, टोमणे आहेत. हाताने लाल करू का?”

“कोण आहेत हे गृहस्थ?”

“माझे मामा.”

साहेबांनी नुसत्या भुवया उंचावल्या. तेवढं पुरलं. आपल्या माणसासाठी खुर्ची वापरली असं कुणी म्हणू नये, याला ठमी जिवापाड जपत आली होती. “राहू दे, साहेब,” म्हणून ती परत फिरली.

त्या रविवारी तिने मामाला गाठलं. “मामा, जरा सरळ लिही ना! झाकण नाही, बसवा. बस्स.”

“सरळ लिहायला मी काय रजेचा अर्ज करतोय?” मामा म्हणाला. “आणि ठमे, तू यात पडू नकोस हं. वशिल्याचं झाकण नको मला. भाची आहे म्हणून बसलं म्हणतील.”

दोघंही एकाच माळेचे मणी. कुणी तसूभर हललं नाही.

मग एका सकाळी पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली. गल्लीभर गुडघाभर पाणी, गटाराचं तोंड दिसेना. दूध आणायला निघालेल्या मामाचा अंदाज चुकला आणि तो आत गेला. शेजाऱ्यांनी ओढून काढलं, पण छातीत घाण पाणी गेलेलं, बरगड्या मोडलेल्या. दवाखान्यात त्याचा श्वास फुलत होता, तरी त्याची खोड जाईना.

“लिही गं,” तो म्हणाला, “नगरपालिकेने... गटार आतूनही दाखवलं.”

तो कधी हसवायला बोलला आणि ठमी हसली नाही, असं आजवर झालं नव्हतं. ती त्याचा हात धरून रडत राहिली. मामा तिच्याकडे बघून ओशाळला. त्यानंतर तो काही बोलला नाही, आणि दोन दिवसांनी गेला.

ठमी कामावर परतली त्या दिवशी नगराध्यक्षाबाई पडदा बघायला आल्या होत्या. मामाचा प्रभाग सगळ्या शहरात पहिला. एवढा हिरवा की डोळ्यांना बोचावा. ठमीने यादी उघडली. ‘इतका गोड माणूस पुन्हा होणे नाही.’ ‘सर, तुम्ही आम्हाला रंग ओळखायला शिकवलंत, आभार.’ ‘खूप खूप प्रेम, सर.’ त्याचे विद्यार्थी कुठून कुठून, त्याच्या त्या झाकणाच्या लिखाणाखालीच लिहीत होते.

हा हिरवा कशाचा, ते साहेबांना माहीत होतं. ते खाली बघत उभे राहिले.

“वा!” नगराध्यक्षाबाई खूश झाल्या. “लोक नुसते भरभरून लिहिताहेत. काय केलंत तुम्ही या प्रभागात?”

ठमीने पदराने डोळे पुसले नाहीत की मान वळवली नाही.

“काही नाही केलं, बाई,” ती म्हणाली. “माझा मामा गेला तिथे.”