आत्याचं इंजेक्शन

सकाळी सात वाजता वृंदाने लेकीला, रसिकाला, नोएडातल्या इस्पितळात दाखल केलं. तिच्या उलट्या थांबत नव्हत्या. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आल्यामुळे डॉक्टरांनी तिला वजन उतरवायचं इंजेक्शन साफ नाकारलं होतं. तरी लग्नाआधी बारीक व्हावी म्हणून आत्याने, मीनाक्षीने, मधुमेहासाठी मिळालेलं स्वतःचं तेच इंजेक्शन तिला टोचलं.

“सुई नवी लावली होती गं,” मीनाक्षी म्हणाली.

“वन्सं, औषध आहे ते, लोणचं नव्हे घरात वाटायला!” वृंदा कडाडली. “भूक मारतं, पोट सावकाश रिकामं करतं. कुणाला चालेल, हे डॉक्टर ठरवतात!”

“अच्छा! आणि लेहेंगा घट्ट होतो म्हणून रोज तिला टोचून कोण बोलत होतं?”



दुपारी डॉक्टर बाहेर आले. स्वादुपिंड पुन्हा सुजलं होतं. किती, ते स्कॅननंतर कळणार होतं.