सासूबाईंच्या गालावरचा नमुना

दोनशे मीटर खोल भोक पाडून काढलेली ती मूठभर चिकणमाती जावयाने जिवापाड जपली होती. कधीकाळच्या समुद्राच्या तळाशी गाळ साचला, त्यात दुर्मिळ धातू दडून बसले. ते किती आहेत, हे उद्या प्रयोगशाळा सांगणार होती. भोक तर बुजवून टाकलेलं. उरली होती एवढीच पिशवी.

आणि पिशवी रिकामी!

स्वयंपाकघरात सासूबाई राखाडी चेहऱ्याने बसल्या होत्या. डोळे तेवढे लुकलुकत होते.

"आई, पिशवीतली माती?"

"चिठ्ठीवर 'दुर्मिळ मृदा' लिहिलं होतं ना? म्हटलं, जावईबापूंनी माझ्यासाठी लेप आणला. मध घालून लावला."

"अहो, माती दुर्मिळ नाही, तिच्यातले धातू दुर्मिळ!"

"मग धातूंना म्हणावं, जरा सुरकुत्यांचं बघा."

"हसू नका! भेगा पडतील!" जावई चमचा आणि कागद घेऊन समोर बसला. पण हसू नका म्हटल्यावर सासूबाईंना हसू आवरेना. लेप तडकला, खपल्या गळू लागल्या, आणि प्राजक्ताची फुलं वेचावीत तशा जावई त्या कागदात झेलत राहिला.

नव्या चिठ्ठीवर त्याने खरं तेच लिहिलं : 'सासूबाईंच्या गालावरून. मधासह.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोगशाळेचा फोन आला. "साहेब, मध जाळून काढला. धातू चांगले दिसताहेत, पण खात्री करायला चिमूटभर माती कमी पडतेय. आहे का?"

जावयाने वळून पाहिलं. सासूबाईंनी हळूच कानामागे बोट नेलं.

"इथे राहिलीय वाटतं थोडी."