पाचवी तलंग

आमच्या अंगणात चार कोंबड्या येण्याआधी गल्लीत चार सभा झाल्या. आजारी माणूस माझ्या घरातलं, अंगणाचं भाडं मी भरत होतो, आणि सभा मात्र मुकुंदराव वकिलांच्या कट्ट्यावर. घरमालक तेच, विहीरही त्यांचीच.

साल १९३६, श्रावण. माझी बायको हेमावती छातीच्या विकाराने खंगत चालली होती. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, धारवाडची हवा फुकट आहे, ती घ्या. शिवाय रोज दोन ताजी अंडी, दुधात फेटून. एक दिवसही चुकता कामा नये. आणि दर रविवारी वजन. मण भरला की मला सांगायला या, तोवर मी काही बोलत नाही."

माणूस तोलायचा काटा आम्ही आणायचा कुठून? मी तिला टांग्यात घालून स्टेशनावर न्यायचो. पार्सलबाबू भला माणूस. गुळाच्या दोन ढेपा बाजूला सारून तो तिला काट्यावर बसवायचा. पहिल्या रविवारी भरली चौतीस शेर. चाळीस शेरांचा मण. सहा शेर कमी होते, आणि ते सहा शेर म्हणजे माझी बायको.

आता बाळाचार्य. हे हेमावतीचे सख्खे थोरले भाऊ, दोन घरं सोडून राहणारे. गल्लीत कुणी काय खावं, कधी न्हावं, कुणाच्या हातचं पाणी प्यावं, हे सगळं ते ठरवत. तीन दिवस ग्रंथ चाळून ते कट्ट्यावर आले.

"बाजारचं अंडं म्हणजे जीव," ते म्हणाले. "पण जिथं कोंबडाच नाही, तिथल्या कोंबडीचं अंडं म्हणजे दूधच समजा. ते चालेल. मास्तर, घरी पाळा. कोंबडा मात्र कुंपणाच्या आत येता कामा नये."

"कुंपण माझं आहे," मुकुंदराव म्हणाले. "माझी हरकत नाही. सध्या."

मी दोघांचे आभार मानले. चक्क हात जोडून. ते आठवलं की अजून स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

मंगळवारच्या बाजारात हणमंत नावाचा खेड्यातला माणूस टोपलीखाली कोंबड्या झाकून बसायचा. मी त्याला बजावलं, "अंड्यावरच्या चार दे. हुंज नको. हुंजाचं पीसही नको." हुंज म्हणजे कोंबडा.

"हुंज बेडेन्री, मास्तर? नकोच म्हणता? मग कोंबड्यांनी करायचं काय?"

"अंडी द्यायची."

"आणि?"

"आणि काही नाही."

हणमंताने चारी कोंबड्यांकडे दयेने पाहिलं. मग टोपलीतून एक लहानसं पाखरू काढून माझ्या पिशवीत कोंबलं. "ही वर घ्या. तलंग आहे, अजून अंड्यावर यायची आहे. तुमच्या घरी तिचं कसं व्हायचं देव जाणे."

मी रॉकेलच्या खोक्याचं खुराडं केलं. दार चुकून पावसाच्या तोंडाला आलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात कोंबड्या खुराड्याच्या टपावर आणि मी छत्री घेऊन त्यांच्याशेजारी. एकादशीला घरात धान्य शिजत नाही म्हणून त्यांना भिजवलेला साबुदाणा घातला. त्यांनी तो खाल्ला आणि द्वादशीला अंडी दिली नाहीत. चुका होत होत्या, पण अंडी येत होती. पहिलंच अंडं फेटायला मी पेला घेतला होता, तोच बाळाचार्य दारात.

"थांबा. हणमंताच्या गावी यांचा कोंबड्याशी संबंध आलेलाच असणार. एकवीस दिवस अंडी वर्ज्य."

"कुठल्या ग्रंथात?" हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पाणी मुकुंदरावांच्या विहिरीचं पीत होतो ना.

एकवीस दिवसांत एक्केचाळीस अंडी झाली. ती मुकुंदरावांच्या मोगरीखाली खड्डा करून पुरली. मोगरीला त्या साली असा बहर आला की विचारू नका. मुकुंदरावांच्या देवांना रोज ताट भरून फुलं जात होती. इकडे हेमावती बत्तीस शेरांवर आली. काट्यावरून उतरताना तिला माझा हात धरावा लागला. पार्सलबाबूने आकडा मोठ्याने वाचला नाही.

मग एकदाची अंडी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिने ओकून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून नाक धरायची, लिंबाच्या झाडाकडे बघायची आणि पेला रिकामा करायची. चौतीस. पस्तीस. दिवाळीच्या सुमारास साडेसदतीस. एकदा स्वयंपाकघरात पाटावर बसून तिने स्वतः भाकरी थापली, आणि ती करपली तरी मी दोन खाल्ल्या.

त्या पाचव्या तलंगेवर माझा विशेष जीव. सगळ्यांत तब्येतदार तीच. पाय जाड, तुरा लालबुंद, चाल ऐटबाज. ही एकदा अंड्यावर आली की नारळाएवढं अंडं देणार, या हिशेबाने मी तिला मूठभर ज्वारी जास्त घालायचो. चार महिने खाऊन तिने अंडं काही दिलं नाही. "आळशी आहे," मी हेमावतीला सांगायचो.

एका सोमवारी सकाळी मुकुंदराव पळी हातात घेऊन सूर्याला अर्घ्य देत होते. पाचवी खुराड्यावर चढली, मान ताणली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरवली.

घटकाभरात सभा माझ्या अंगणात. हेमावती लिंबाखाली बाजेवर उन्हाला बसलेली, अंगावर शाल.

"हा वयात कधी आला?" मुकुंदरावांनी उलटतपासणी सुरू केली. "तारीख सांगा, मास्तर."

"आजच आरवला."

"आरवला आज. वयात कधी आला ते विचारतोय."

"त्याने कळवलं नाही."

"म्हणजे किती दिवस भ्रष्ट अंडी पोटात गेली, याला पुरावा नाही!"

बाळाचार्य वाटीत पंचगव्य घेऊनच आले होते. "हेमा, हे घे. कोंबडा आजच्या आज बाहेर. आणि पुन्हा एकवीस दिवस अंडी बंद."

"अण्णा, डॉक्टर म्हणाले..." मी सुरुवात केली.

"डॉक्टर देह बघतो, मास्तर."

"अण्णा," हेमावती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना गप्प बसावं लागलं. "मागच्या एकवीस दिवसांत माझे दोन शेर गेले. तुम्हाला ठाऊक आहे?"

"हेमा, बायकांनी यात..."

"तुमची बहीण बत्तीस शेर झाली होती. स्टेशनावर तो परका बाबू माझ्याकडे बघून डोळे पुसत होता. तुम्ही कुठं होता? मोगरीची फुलं आवडली का हो, वकीलसाहेब?"

मुकुंदराव आभाळाकडे बघू लागले.

ती उठली. शाल बाजेवर पडली. भिंत धरत खुराड्यापर्यंत गेली, आत हात घातला आणि अंडं काढलं. कुणी आडवं आलं नाही, कारण आडवं यायचं तर तिला शिवावं लागलं असतं, आणि हातात अंडं होतं. पेल्याच्या काठावर तिने ते फोडलं. दूध नाही, नाक धरणं नाही.

"हेमा!" बाळाचार्य ओरडले. "अगं, त्यात जीव आहे!"

"असू दे, अण्णा," ती म्हणाली. "माझ्यात तोच कमी पडतोय."

आणि प्यायली. पदराने तोंड पुसून पंचगव्याची वाटी तिने भावाच्या हातात परत दिली. "हे तुम्ही घ्या. माझ्या दोन शेरांबद्दल."

मुकुंदरावांनी विहीर त्याच दुपारी बंद केली आणि घर पौषाअखेर खाली करायला सांगितलं. मी त्यांच्या कट्ट्यासमोर उभा राहून जे बोललो ते चाळीस वर्षांच्या मास्तराला शोभणारं नव्हतं. अर्धं कानडीत होतं. मराठीत तेवढं जोरकस मला येत नाही. उशीर फार झाला होता, पण बोललो.

त्यानंतर दोन महिने मी रोज नळावरून पाणी वाहिलं आणि तिने रोज दोन अंडी घेतली, सगळ्यांच्या देखत, कट्ट्याकडे तोंड करून.

रुळांपलीकडे घर मिळालं. जायच्या दिवशी चारी कोंबड्या डालग्यात घातल्या. कोंबडा मात्र तिने मांडीवर घेतला आणि टांग्यात पुढे बसली. बाळाचार्यांच्या दाराशी टांगेवाल्याला म्हणाली, "हळू चालवा हो." दार बंद होतं. कोंबडा आरवला. दार बंदच राहिलं, पण आतली पूजेची घंटा वाजायची थांबली.

त्या दिवशी रविवार होता, म्हणून वाटेत स्टेशनावर उतरलो. ती कोंबड्यासकट काट्यावर बसली.

"बाई, पक्षी खाली ठेवा," पार्सलबाबू म्हणाला.

"कशाला? माझाच आहे."

त्याने वजनं सरकवली, पुन्हा सरकवली. "एक मण, दोन शेर," या वेळी अगदी मोठ्याने.

मी मनात कोंबड्याचे दोन शेर वजा केले. तिनेही केले असावेत.

"आधी डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "आणि अण्णांना पत्र टाका. मण भरला एवढंच लिहा. मी बरी आहे असं लिहू नका, त्यांना बरं वाटेल."