न फोडलेले पुडे

मुलीची खोली रंगवायची होती, म्हणून बापाने कपाट भिंतीपासून ओढायला घेतलं. ते जागचं हलेना. मुलगी शाळेत गेली होती. त्याने खालचा कप्पा रिकामा केला, तेव्हा लोकरी कपड्यांच्या मागून सॅनिटरी पॅडचे पुडे निघाले. एकावर एक नीट रचलेले आणि एकही न फोडलेला.

ते त्यानेच आणले होते. बायको गेली तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. "तिचं वय होत आलंय, तेवढं बघा," असं बायको शेवटच्या आजारात म्हणाली होती आणि त्याने ते शब्दशः पाळलं. मुलगी तेरा वर्षांची झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो एक पुडा आणायचा, तिच्या टेबलावर ठेवायचा आणि पाय न वाजवता निघून जायचा. तिने कधी काही म्हटलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. आपण समजूतदार बाप आहोत, असं तो धरून चालला होता. आता ती सोळा वर्षांची होती.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. ती घरी येईपर्यंत तो त्या पुड्यांसमोर बसून राहिला.

"कधीपासून थांबलीय?" ती दारात दिसताच त्याने विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नकोस. पाळी. आणि कोण आहे तो, तेही सांगून टाक."

तो शब्द त्या घरात तीन वर्षांत पहिल्यांदाच उच्चारला गेला, आणि तोही आरोप म्हणून.

मुलीने दप्तर खाली ठेवलं. "थांबायला आधी यावी लागते, बाबा. मला अजून आलीच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी? तू पुडा ठेवून चोरासारखा पळायचास. मला वाटलं, हा विषय काढायचाच नसतो. आणि तू इतक्या नेमाने आणायचास, की नको म्हणायचीही लाज वाटायला लागली."

दुसऱ्या दिवशी तो तिला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेला. केस पांढरे झालेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. त्यांनी मुलीशी एकटीशी बोलून तिला तपासलं, रक्ताच्या आणि इतर तपासण्या सांगितल्या. आठवड्याने अहवाल आले, तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"वय झालं की आपोआप येते ना?" बापाने विचारलं.

"शरीरात आपोआप काही होत नाही. तुम्ही काम काय करता?"

"शीतगृहात यंत्रं सांभाळतो."

"तिथे कॉम्प्रेसर आपल्या मर्जीने सुरू होतो?"

"छे. थर्मोस्टॅटने सांगितल्याशिवाय नाही."

"इथेही तसंच. मेंदूकडून निरोप निघतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती तो अंडाशयांना पोचवते. हे निरोप रक्तातून जातात, त्यांनाच हार्मोन म्हणतात. मग अंडाशयं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार करतात. त्याने अंग भरतं, उंची वाढते, गर्भाशयात अस्तर जमू लागतं. महिन्याकाठी एक बीज बाहेर पडतं, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन ते अस्तर टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन उतरतात आणि अस्तर गळून पडतं. ती पाळी. हिच्या बाबतीत निरोपच नीट पोचत नाहीयेत, कारण गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फार मंद आहे; तिचं हार्मोन कमी पडलं की हे निरोप बिघडतात. ही सारखी दमते का? थंडी वाजते?"

बापाला आठवलं. उन्हाळ्यातही ती स्वेटर घालायची. "माझ्या शीतगृहाचा गारठा तुला लागला," म्हणून तो हसायचा.

"गोळ्यांनी हे सुधारतं," डॉक्टर म्हणाल्या. "काही महिने लागतील, पुन्हा तपासावं लागेल. पण पंधरावं सरलं तरी पाळी आली नाही, तेव्हाच दाखवायला हवं होतं. शीतगृहात आकडा किती वेळाने बघता?"

"दर तासाला."

"आणि हिला?"

त्याने गोळ्यांच्या चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर मुलगी पायरीवर थांबली. "शाळेत सगळ्या मुली पाळीत पोट दुखतंय म्हणून बाकावर डोकं टेकायच्या," ती म्हणाली, "मग मीही टेकायचे. महिन्यातून एकदा, तारीख ठरवून. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. तेवढा वेळ बरं वाटायचं."

बायकोमागे आपण एकटे पडलो, असंच बाप आजवर समजत आला होता. भिंतीपलीकडच्या खोलीत त्याहून एकटं कोणी राहतंय, हे त्याला दिसलंच नव्हतं!

"चुकलो गं," तो म्हणाला. "अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

"खूप आहे."

"मग बसने नको. पायीच जाऊ."

"तुला लाज वाटेल, बाबा."

"वाटू दे. तू बोल."

ती बोलू लागली. आधी चाचरत, मग भरभर. दोन ठिकाणी त्याचे कान तापले, पण त्याने विषय बदलला नाही.

आपल्यातले कितीतरी आईबाप असेच असतात. मुलांना हवं ते आणून देतात आणि विचारायचं तेवढं टाळतात. त्या टाळण्याला आपण मर्यादा म्हणतो. पण मुलीच्या शरीरात काय घडतंय हे मोकळेपणाने विचारण्यात कसलीही लाज नाही. आपण विचारत नाही, तेव्हा मूल एकटंच स्वतःच्या शरीराला घाबरत बसतं. आपल्या मौनाची खरी किंमत ही आहे.