भातात निजलेली होडी

वादळ ओसरल्यावर सकाळी वनमालाकाकू परसदारी आली, तर तिच्या भाताच्या खाचरात एक होडी निजलेली. गोराईच्या खाडीचं पाणी रात्री बांध ओलांडून आलं होतं, आणि परत जाताना होडीला दोन माडांच्या मधोमध ठेवून गेलं होतं. शीड चिखलात पसरलेलं. नाळ, म्हणजे होडीचं पुढलं टोक, काकूच्या घराकडे, उंबऱ्याशी डोकं टेकून कुणी झोपावं तशी.

काकूनं ओल्या फळीवर हात ठेवला. ओठांवर आपसूक आलं:

दर्याची गं लेक, वाट कशी चुकली,
पदर पसरून माझ्या भातात निजली.

होडी कोळीवाड्यातल्या दत्तारामची. शोधत शोधत तो आणि त्याची बायको जानकी दुपारी येऊन पोचले. होडी धड पाहून जानकी बांधावरच मटकन बसली.

"काकू, तुझा भात मेला गो."

"भात पुढल्या साली येईल. तू आधी पाणी पी."

दिवाळीचं उधाण येईपर्यंत होडी हलणार नव्हती. तोवर ऊन होतं. लाकूड सुकलं की फळ्यांचे सांधे उघडतात, मग होडीचं सरपण होतं. आणि दत्तारामकडे दुसरी होडी नव्हती. जानकीची बोरिवलीच्या मासळीबाजारातली जागा रिकामी पडली होती. ती कळशीनं खारं पाणी आणून फळ्यांवर ओतत राही. काकूही ओतू लागली. दिवाळीच्या पहाटे तर काकूनं होडीला तेल-उटणं लावलं.

दत्ताराम हसला. "आता हिला लुगडं घे."

"घेईन! तुझ्या बापाचं काय जातंय?"

अवसेला दुपारी पाणी बांधावर चढलं. कोळीवाड्यातली माणसं दोर घेऊन आली. पाणी पोटाखाली शिरलं तशी होडी झोपेत कूस बदलावी तशी हलली. पण दत्तारामला तिची नाळ खाडीकडे फिरवायची होती. त्याच्या घरच्या रीतीत होडी नाळ पुढं करूनच पाण्यात जाई. पाठमोरी ओढत नेतात ती मोडायला काढलेली होडी. माड तिला फिरू देईनात. फिरवता फिरवता पाणी निघून गेलं. होडी पुन्हा चिखलात टेकली, आणि एका फळीला बारीकशी चीर दिसली. जानकी त्या चिरेवर हात ठेवून बसून राहिली.

दत्तारामनं ती चीर काथ्यानं बुजवली. भाऊबीजेला पाणी पुन्हा चढलं. याच्यापुढे ते उतरतच जाणार होतं. माणसं कंबरभर पाण्यात उभी, होडी तरंगतेय, आणि पुन्हा तेच. माड आडवे.

"काकू, एक माड पाडला तर फिरेल," नंदू म्हणाला. नंदू दत्तारामचा मेव्हणा.

"गप रे!" दत्ताराम ओरडला. "फळता माड कोन पाडतंय?"

काकू काठावर ओटीचं तबक घेऊन उभी होती. म्हणाली, "माडाचं मी बघीन. पण आधी सांग, फिरवायची कशाला?"

"उलटी गेली तर मोडीत गेली, काकू."

काकू हसली. "अरे, सासरी निघाले तेव्हा आईचं दार दिसेनासं होईस्तोवर मी मागंच बघत होते. गाडीचे बैल वाट चालत होते, मी नाही. मी काय मोडीत गेले होते?"

पाणी माडांच्या बुंध्यांशी चुळचुळत होतं. मग जानकी खुदकन हसली आणि दोर पकडून ओरडली, "ओढा रे! आहे तशी ओढा!"

दत्तारामनं नाळेला हात लावून कपाळाला लावला, आणि दोर पाठीमागं बांधला.

"थांबा, ओटी!"

"पानी थांबत नाय, काकू!"

"मग तुम्ही ओढा, मी चालता चालता भरते."

होडी मागं मागं सरकू लागली. काकू तिच्याबरोबर पाण्यात चालली, मुठीनं तांदूळ घालत, नारळ ठेवत. पाणी गुडघ्याला आलं, मग कंबरेला. बांधावरून होडी उतरली तेव्हा काकूचा हात फळीवरून आपोआप सुटला.

दत्ताराम होडीत चढला. खाडीत बराच वेळ होडी तशीच पाठमोरी जात राहिली, नाळ घराकडे धरून. मधोमध पोचल्यावर दत्तारामनं शीड चढवलं. ते वाऱ्यानं फुगलं, आणि होडी सावकाश, खूप सावकाश वळली.

काकू परत आली. होडी निजली होती तिथं पाणी साचून राहिलं होतं, अगदी होडीच्या आकाराचं. त्यात खाडीतली बोटभर मासळी, बोयटं, चमकत होती, वाट चुकलेली.

काकूनं पदर पिळला आणि खाली वाकली.

"तुम्ही कुणाची रे?" तिनं विचारलं.