घरघर बंद करून मिळेल

दुकानाच्या पाटीवर जावयाने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: 'घरघर बंद करून मिळेल.' अँप्लिफायर कुणाचाही असो, कितीही जुना असो, लावल्यावर आतून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो नाहीसा करण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. त्याच्या हातून निसटलेला अँप्लिफायर एकच, आणि तो नेमका सासरच्या बाहेरच्या खोलीत होता.

तो त्याच्या लग्नाच्या आधीपासून घरघरत होता. दुपारची झोप झाली की सासरे तो लावायचे, गाणी ऐकायचे, आणि गाणी संपली तरी बंद करायचे नाहीत. मग स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "अहो, तो डबा बंद करा, डोकं उठलं माझं." सासरे म्हणायचे, "करतो हं," आणि जागचे हलायचे नाहीत. हे रोज चालायचं. जावयाने कैकदा सुचवून पाहिलं, "बाबा, आतला मोठा कंडेन्सर गेलाय. मी बदलून देतो." त्यावर सासरे पाहुण्यांकडे वळून म्हणायचे, "आमच्या जावयांचे कान फार नाजूक हो." पाहुणे हसायचे आणि जावई मूग गिळून बसायचा.

सासरे गेले. रीतसर दुःख झालं, खरंही झालं. पण काही आठवडे उलटले तसा जावई उठला आणि अँप्लिफायर काखेत मारून दुकानात घेऊन आला. बायकोला म्हणाला, "आईंना तेवढीच शांतता." मेलेल्या माणसाशी वाद जिंकायला निघालोय, हे काही तो बायकोला सांगणार नव्हता. स्वतःलाही त्याने सांगितलं नव्हतं.

टेबलावर ठेवून त्याने आवाजाचं बटण शून्यावर नेलं. घरघर तशीच. म्हणजे दोष गाण्याच्या वाटेवर नाही, वीज पुरवणाऱ्या भागात आहे. झाकण काढलं तर समोरच तो मोठा कंडेन्सर, डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट डाग. आलेली वीज सारखी करून पुढे पाठवायची हे त्याचं काम, आणि ते त्याने कधीच सोडून दिलं होतं. जावयाने आधी त्यात साठलेला करंट उतरवला, मग तो सुटा करून मीटर लावला. काटा जेमतेम हलला. "बघा बाबा," तो रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाला.

नवा कंडेन्सर बसवला. आसपासचे छोटेही हात लागलाच आहे तर बदलून टाकले. आता अँप्लिफायर इतका गप्प झाला की तो चालू आहे हे लाल दिव्याकडे बघूनच कळावं.

तो परत नेऊन सासरच्या बाहेरच्या खोलीत लावला, तेव्हा सासूबाईंनी कान पुढे केला. "लावलाय का?"

"लावलाय, आई."

"काहीच ऐकू येत नाही."

"त्यालाच तर दुरुस्ती म्हणतात."

"बरं," म्हणून त्या आत गेल्या. एवढं काम केलं आणि कौतुकाचा शब्द नाही, म्हणून जावई दोन दिवस फुरंगटून बसला.

मग बायको माहेरी जाऊन आली. "आई धड जेवत नाहीये," ती म्हणाली. "दुपारी तो डबा लावते आणि गाणं न लावता समोर बसून राहते. मग उठून कामाला लागते, कुणाशी अवाक्षर बोलत नाही. मला म्हणाली, जावयांना विचार, पहिला आवाज परत घालता येतो का."

"परत घालायचा?" जावई चांगलाच तडकला. "अगं, आयुष्यभर मी तो काढायचं काम केलं."

"मग कुठून येतो ते तुलाच ठाऊक असेल."

दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन सासरी गेला आणि जमिनीवर जुनी चादर पसरून बसला. फुगलेला कंडेन्सर परत घालणं शक्य नव्हतं, तो कधी फुटेल याचा नेम नव्हता. तेव्हा एकच मार्ग उरला: कंडेन्सर नवा, धडधाकट, पण मुद्दाम कमी ताकदीचा घालायचा. काम त्याला झेपणार नाही आणि घरघर सुरू होईल. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर जावयाने त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

पहिला बसवला. सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. "हा भांडतोय," त्या म्हणाल्या. "यांचा असा नव्हता."

जरा मोठा बसवला. "हा कण्हतोय. आजारी आहे का?"

जावयाने घाम पुसला. आतापर्यंत त्याने मीटरचं ऐकलं होतं. या मीटरपुढे त्याचं काही चालेना. शेवटी त्याने दोन लहान कंडेन्सर एकमेकांना जोडले, कथलाचा डाग दिला आणि बटण दाबलं.

घूंऽऽ.

दारातून आत येत असलेली त्याची बायको जिथल्या तिथे थांबली. सासूबाईंनी डोळे उघडले. खुर्चीचा हात धरून उठल्या आणि आत निघून गेल्या. हेही चुकलं, असं जावयाला वाटलं. पिशवीत आणखी एकाच मापाचा कंडेन्सर शिल्लक होता, तोच तो शोधू लागला.

आत नळ सुटला, भांडी वाजली. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो खणखणीत आवाज बाहेर आला.

"अहो, तो डबा बंद करा, डोकं उठलं माझं."

सवयीने जावयाचा हात बटणाकडे गेला. बायकोने तो मनगटाला धरून थांबवला. ती रडत होती. जावयाने हात मागे घेतला, घसा साफ केला.

"करतो हं," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.