मनगटावरची झेंडी

"काकी, बाबाचं नाव सांगा ना. काय टाकू बँडवर?"

कौसल्यानं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. आयुष्यभर तिनं नवऱ्याचं नाव ओठांवर आणलं नव्हतं. आता भर बाजारात, काउंटरमागच्या पोरासमोर कसं आणणार? तिनं पदर सारला आणि डावा हात काउंटरवर उताणा ठेवला. कोपराखाली हिरवट अक्षरं होती, पाण्याच्या तळाशी दिसावीत तशी. लग्नाच्या साली गोंदलेली.

"उकंडा," इम्तियाजनं वाचलं.

पलीकडे बांगड्यांच्या ढिगात बसलेली त्याची आई हुस्नाबी हसली. "पाह्य रे इम्त्या. तुह्या मशीनच्या अगोदरची मशीन."

बोरी अरबचं ते दुकान अर्धं काचेचं होतं, अर्धं रबराचं. एका बाजूला हुस्नाबीच्या बांगड्या, दुसऱ्या बाजूला इम्तियाजचे मनगटाला घालायचे बँड. रक्तदानाचे लाल, कबड्डीचे पिवळे, झाडं लावणाऱ्यांचे हिरवे. सकाळचं ऊन काचेतून निघून रबरावर पडत होतं आणि रंग एकमेकांच्या अंगणात खेळायला गेल्यासारखे दिसत होते. स्टुलावर बसलेला उकंडा त्या रंगांवरून बोट फिरवत होता. कौसल्याला वाटलं, हा इथं नाहीच. हा कुठल्या तरी जुन्या दुपारी बसला आहे.

नोकरीभर त्यानं छोट्या लाईनच्या रेल्वे फाटकावर झेंड्या दाखवल्या. ती लाईन बंद पडली, आणि मागोमाग त्याच्या डोक्यातलं एकेक स्टेशनही.

दसऱ्याला वस्तीतली माणसं दीक्षाभूमीला जायची. गाडी ठरवायची, माणसं मोजायची ती शीला, आत्ता कौसल्याच्या शेजारी उभी होती ती. या वर्षी तिनं सगळ्यांसाठी निळे बँड निवडले होते, 'जय भीम' आणि खाली गावाचं नाव. ते पार्सलनं आले होते. उकंडाच्या बँडवर मात्र त्याचं नाव आणि कौसल्याचा फोन नंबर वेगळा कोरून हवा होता.

"मावशी, मी स्पष्ट सांगते," शीला म्हणाली, "बाबाच्या हातात नंबर नसंन, तं मी त्यायले गाडीत घेत नाई. मांगच्या साली माहा जीव गेलता."

मागच्या साली नागपूरच्या गर्दीत उकंडा हरवला होता. सापडला दुसऱ्या दिवशी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका रेल्वे फाटकापाशी उभा. कौसल्यानं विचारलं तर नुसता हसला होता. तेव्हापासून तिच्या मनात एक काटा होता: हा मला विसरून चालता झाला.

कोरायचं मशीन किर्र वाजलं. इम्तियाजनं निळा बँड पुढं केला. उकंडानं तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि काउंटरवर ठेवून दिला.

"हे काय? मी म्हैस आहो का, बिल्ला मारायले?"

"आवो, घाला ना. हरपले तं?"

"मी कवा हरपलो?" त्याला खरंच नवल वाटलं. "हरपली तं तू होती. रातभर धुंडलं म्या तुले. फाटक बंद होतं, म्हणून थांबलो तेथं. म्हटलं, गाडी निंघून गेली का येईन ही पलीकडून."

"बाबा, उलटं काहून सांगता? तुमीच तं..."

कौसल्यानं शीलाचा हात दाबला. काटा कुठं निघाला ते तिला कळलंही नाही. नुसतं ओलं वाटलं.

"हो," ती म्हणाली. "मीच हरपलती."

"मंग? इचं नाव टाक. कौसल्या. आन् नंबर इचाच."

"घालन कोण?" इम्तियाज गोंधळला.

"मी. मले इले धुंडा लागते ना." मग आवाज उतरला. "नाव ध्यानात राहत नाई आजकाल."

हुस्नाबीनं हातातल्या बांगड्या बाजूला ठेवल्या.

"रंग कोणता, बाबा?" इम्तियाजनं विचारलं.

त्यानं लाल उचलला. शीलानं कपाळाला हात लावला. "आपला निळा असते, बाबा!"

"निळा या हातात घालतो ना. हा लाल त्या हातात. लाल दिसला का थांबा लागते. गाडी असो का बैल."

नाव कोरून झाल्यावर हुस्नाबी उठून आली. तिनं उकंडाचा हात घेतला, नवरीचा घ्यावा तसा, आणि अंगठा आत दुमडून पंजा दाबून पाहिला. "नुसती हड्डी राह्यली, भाऊ. सांभाळजा." मग बांगडी भरावी तसा लाल बँड हलक्या हातानं सरकवत मनगटावर नेला. उकंडानं डोळे मिटले होते.

"बायका नवऱ्याचं नाव गोंदते," हुस्नाबी कौसल्याला म्हणाली. "उलटं आजच पाह्यलं वं माय."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा पूर होता. पांढरी लुगडी, निळी निशाणं, त्यावर तरंगणारी बुद्धवंदना. फुलं घ्यायला कौसल्यानं क्षणभर हात सोडला आणि वळली, तर शेजारी कोणी नव्हतं.

शीला एकीकडे धावली, कौसल्या दुसरीकडे. फोन मुठीत गच्च, आणि मुका. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, तिचा तिलाच अनोळखी.

"उकंडा! ओ उकंडा!"

नाव गर्दीवरून गेलं. कोणी वळलं नाही. पण दूर, सगळं वाहत होतं तिथं एका जागी पाणी फाटावं तशी माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. मधे एक हात सरळ वर होता. मनगटावर लाल.

ती पोचली तरी त्यानं हात खाली घेतला नाही.

"बाई, थांबा," तो म्हणाला. "माही बायको यायची आहे अजून."

"कोण?"

त्यानं हात डोळ्यांपुढं आणला. कोरलेल्या अक्षरांवरून बोट हळूहळू नेलं, मग तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, परत अक्षरांकडं.

"कौसल्या?" त्यानं विचारलं, परक्या बाईला विचारावं इतक्या अदबीनं.

"हो," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं हात खाली घेतला, आणि रस्ता मोकळा झाल्यासारखा बाजूला सरून तिला पुढं जाऊ दिलं.